एचपीव्ही पॉझिटिव्ह आल्यानंतर: ताट, झोप, सवयी आणि तपासणीच्या तारखा

रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यातला एकच शब्द मला दिसला: "डिटेक्टेड". त्या रात्री दीड वाजेपर्यंत मोबाइलवर शोधत बसले. सकाळी माझ्याकडे अठ्ठावीस पदार्थांची यादी तयार होती. हे खा, ते सोडा, ह्याचा अर्क घ्या, त्याचा रस प्या. पुढच्या दोन महिन्यांत स्वयंपाकघरातल्या एका फळीवर नऊ डब्या जमल्या. त्यातल्या आठ फुकट गेल्या आणि नववी अंगाशी आली. ती गोष्ट सहाव्या पायरीत सांगते.

मी डॉक्टर नाही. तीन वर्षं या चक्रातून गेले, प्रश्न विचारून विचारून डॉक्टरांना भंडावून सोडलं आणि त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितेय. क्रम मुद्दाम असा लावलाय. आहार पाचव्या पायरीवर आहे, कारण त्याची खरी जागा तीच आहे. घाई असली तरी पहिल्या चार पायऱ्या गाळू नका.

१. आधी रिपोर्ट पुरता वाचा

एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, हा एकटा विषाणू नाही, मोठं खानदान आहे. २०० हून अधिक प्रकार आहेत आणि त्यातले ४० च्या आसपास जननेंद्रियांच्या भागात राहतात. ६ आणि ११ हे कमी धोक्याचे. त्यांच्यामुळे चामखिळी येतात, पण गर्भाशयमुखाचा कर्करोग होत नाही. १६, १८ आणि आणखी डझनभर प्रकार जास्त धोक्याचे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापैकी साधारण ७० टक्के फक्त १६ आणि १८ या दोघांमुळे होतो.

म्हणून रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा. प्रकार कोणता लिहिलाय? पेशींची तपासणी, म्हणजे पॅप, झाली असेल तर ती काय म्हणते? आणि बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, झाली असेल तर सीआयएन १, २ की ३? (सीआयएन म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींत कर्करोगाच्या आधी दिसणारे बदल, आकडा जितका मोठा तितका बदल जास्त.) माझ्या रिपोर्टवर "इतर जास्त धोक्याचे प्रकार" असं लिहिलं होतं आणि पॅप नॉर्मल होती. ही दुसरी ओळ मी चार दिवसांनी वाचली. चार रात्रींची झोप गेली ती निव्वळ अर्धवट वाचल्यामुळे.

सीआयएन १ म्हणजे संसर्गाची खूण, ती बहुतेक वेळा आपोआप जाते. सीआयएन २ देखील साधारण निम्म्या जणींमध्ये दोन वर्षांत मागे हटतो, पण त्यावर लक्ष ठेवावं लागतं. सीआयएन ३ चं तसं नाही. न्यूझीलंडमध्ये विसाव्या शतकात काही स्त्रियांच्या या अवस्थेवर पुरेसे उपचारच केले गेले नाहीत. पुढे त्यांचा हिशेब मांडला तेव्हा ३० वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्के जणींना कर्करोग झालेला दिसला. ज्यांच्यावर नीट उपचार झाले होते त्यांच्यात हेच प्रमाण १ टक्क्याहून कमी होतं. तुमच्या कागदावर सीआयएन ३ असेल तर हा लेख आत्ता मिटवा, डॉक्टरांनी सांगितलेला उपचार करून घ्या आणि मग वाचा. पालक खाऊन सीआयएन ३ जात नाही.

२. हा विषाणू नेमकं करतो काय, ते समजून घ्या

सर्दीचा विषाणू आला की नाक गळतं, अंग दुखतं, ताप येतो. शरीर बोंब मारतं. एचपीव्ही मात्र चोरपावलांनी येतो. डोळ्यांना दिसणारही नाही अशा खरचटलेल्या जागेतून तो त्वचेच्या किंवा अंतःत्वचेच्या (आतल्या ओलसर अस्तराच्या) सर्वांत खालच्या थरात शिरतो. रक्तात उतरत नाही. ज्या पेशीत राहतो तिला फोडत नाही. त्या पेशी वर सरकत सरकत शेवटी गळून पडणारच असतात, त्यांच्यासोबत तोही बाहेर पडतो. ना सूज, ना मोडतोड. मग पहारेकऱ्यांना कळणार कसं? म्हणूनच आपली प्रतिकारयंत्रणा त्याला उशिरा ओळखते. पण एकदा ओळखलं की टी पेशी, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, आपलं काम करतात आणि दर १० पैकी साधारण ९ संसर्ग दोन वर्षांच्या आत तपासणीत दिसेनासे होतात.

तेव्हा "माझी प्रतिकारशक्ती कमजोर होती म्हणून मला झालं" हे डोक्यातून काढा. लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी हा होतो.

मी डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारला होता: "मॅडम, प्रतिकारशक्ती वाढवायला काय खाऊ?" त्या हसल्या. म्हणाल्या, "वाढवायची कशाला? ती वाजवीपेक्षा चेकाळली की स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तिच्या वाटेत तुम्ही काही दगड टाकलेत का, ते बघा. तेवढे उचला." पुढचं सगळं त्या दगडांबद्दलच आहे.

एक अपवाद. एचआयव्ही असेल, अवयवरोपण झालं असेल, दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर गणित बदलतं. एरवी संसर्गापासून कर्करोगापर्यंत जायला १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती खरोखरच कमी असेल आणि उपचार नसतील तर हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो. अशांनी एचआयव्हीची औषधं एकही दिवस न चुकवणं हाच सर्वांत मोठा "आहार". आणि स्टेरॉइड स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्याने भलतंच संकट ओढवेल.

३. पुढच्या तपासणीची तारीख आजच लिहा

ताटात काय वाढायचं याआधी डायरीत काय लिहायचं ते ठरवा. १६ किंवा १८ प्रकार निघाला तर पॅप नॉर्मल असली तरी बहुधा थेट कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी) सांगतात. इतर प्रकार आणि पॅप नॉर्मल असेल तर साधारण वर्षभराने पुन्हा तपासणी. काही देशांत हे अंतर वेगळं आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली तारीखच खरी.

सापळा इथे आहे. आहार सुधारला, वजन थोडं उतरलं, चेहऱ्यावर तेज आलं, की वाटतं, "आता बरं वाटतंय, कशाला जायचं पुन्हा?" पण एचपीव्हीच्या बाबतीत बरं वाटणं हा पुरावाच नाही. मुळात वाईट वाटलं होतं कधी?

एक फाइल करा आणि दर भेटीला सोबत न्या. तिच्यात हे असू द्या:

- एचपीव्ही तपासणीचा मूळ रिपोर्ट, प्रकार लिहिलेला
- आजवरच्या सगळ्या पॅप आणि बायोप्सीचे रिपोर्ट, तारखेनुसार
- एचपीव्हीची लस घेतली असेल तर तिचं कार्ड
- चालू असलेली सगळी औषधं, गोळ्या, पावडरी आणि अर्क यांची खरीखुरी यादी
- शेवटच्या पाळीची तारीख
- हिमोग्लोबिन, बी १२, ड जीवनसत्त्व यांचे जुने आकडे, असतील तर

यादीतला चौथा मुद्दा लोक लपवतात. मीही लपवला होता.

४. सर्वांत मोठा दगड: तंबाखूचा धूर

आहार आणि जीवनशैलीच्या सगळ्या सल्ल्यांत पुरावा सर्वांत भक्कम आहे तो इथे. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या स्रावात निकोटीनचे अंश सापडतात. म्हणजे धूर फुप्फुसात थांबत नाही, नेमका त्या जागेपर्यंत पोचतो. तिथल्या अंतःत्वचेत लँगरहान्स पेशी असतात. परका कोणी आला तर वर्दी देण्याचं काम त्यांचं. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये त्यांची संख्या कमी आढळली आहे. जो विषाणू आधीच दबा धरून बसतो, त्याच्यासमोर पहारेकरीही कमी करून ठेवायचे, असा हा प्रकार. धूम्रपानाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे सिद्ध झालेलं आहे.

मी ओढत नव्हते, नवरा ओढायचा, गॅलरीत उभं राहून. पडदे धुतले की पाणी पिवळसर निघायचं, यावरून धूर कुठवर येतो ते समजा. त्याला तीन प्रयत्न लागले. पहिल्यांदा नुसत्या निश्चयावर सोडली, अकरा दिवस टिकली. दुसऱ्यांदा निकोटीनचं च्युइंगगम घेतलं, पण ते गोळीसारखं चघळत सुटला आणि उचक्यांनी हैराण झाला. ते थोडं चावून गालात ठेवायचं असतं. तिसऱ्यांदा डॉक्टरांकडून पॅच लिहून घेतले, तारीख ठरवली, घरातला ॲश ट्रे टाकून दिला आणि मग सुटली. तल्लफ बहुधा काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हाताला आणि तोंडाला काम द्या.

धुराऐवजी तंबाखू चघळायची, अशी पळवाट कुणी सुचवेल. तोंडाच्या कर्करोगाचं ते ठरलेलं कारण आहे, त्यामुळे सूट नाही. दारूबद्दल एवढंच: जितकी कमी तितकं बरं, आणि अजिबात नसेल तर उत्तम.

इतर नऊ गोष्टी जमल्या नाहीत आणि ही एक जमली, तरी तुम्ही माझ्या यादीतल्या अठ्ठावीस पदार्थांपेक्षा जास्त मिळवलंत.

५. आता ताट

खरं ते आधी सांगते. कोणताही पदार्थ खाऊन एचपीव्ही जातो, असं सिद्ध झालेलं नाही. काही अभ्यासांत दिसलं ते इतकंच, की भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्या किंवा रक्तात फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाची पातळी चांगली असलेल्या स्त्रियांमध्ये संसर्ग टिकून राहण्याचं प्रमाण कमी असतं. पण अशा बायका बहुधा सिगारेटही कमी ओढतात आणि तपासणीलाही वेळेवर जातात, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाला द्यायचं हे सांगणं कठीण. मग चांगलं खायचं कशाला? कारण प्रतिकारयंत्रणेला कच्चा माल लागतो, आणि तो कमी पडणं हाही एक दगडच.

भाज्या आणि फळं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम सांगते. मला वाटायचं, मी तर भरपूर खाते. एके दिवशी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि दिवसभरातलं सगळं मोजलं. १७० ग्रॅम! त्यातही मी बटाटा धरला होता, आणि बटाटा-रताळं या ४०० ग्रॅममध्ये धरतच नाहीत. एक दिवस तुम्हीही मोजून पाहा. मग अंदाज बसतो, रोज काटा काढावा लागत नाही. सोपी खूण म्हणजे दोन्ही जेवणांत अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं आणि मधल्या वेळेत एक-दोन फळं.

फोलेट. हिरव्या पालेभाज्या, डाळी, कडधान्यं, वाटाणा. टी पेशींना झपाट्याने विभागायचं असतं, आणि नवीन पेशीचा डीएनए बनायला फोलेट लागतं. पण ते पाण्यात विरघळतं आणि फार शिजवलं की नासतं. पालेभाजी उकळून पाणी ओतून देत असाल तर अर्धी कमाई मोरीत गेली. ते पाणी आमटीत किंवा सूपमध्ये घाला, किंवा भाजी वाफेवर पटकन शिजवा.

बी १२. हे नैसर्गिकरीत्या मिळतं ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच. शुद्ध शाकाहारी असाल, विशेषतः दूधही घेत नसाल, तर पातळी तपासून घ्या. बी १२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड (फोलेटचं गोळीतलं रूप) भरमसाट घेतलं तर रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो आणि आतल्या आत नसांचं नुकसान चालू राहतं. ही गडबड फार जणांकडून होते.

प्रथिनं. अँटिबॉडी प्रथिनांच्याच बनतात, टी पेशी घडवायलाही तीच लागतात. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे किमान ०.८ ग्रॅम रोज लागतात. ५५ किलो वजन असेल तर ४४ ग्रॅम. पॉझिटिव्ह आल्यावर घाबरून काही जणी "शरीर शुद्ध करायला" आठवडाभर नुसत्या रसावर राहतात. सैनिकांना उपाशी ठेवून लढाईला पाठवायचा हा प्रकार आहे. करू नका.

नारिंगी, लाल आणि गडद हिरवं. गाजर, भोपळा, पपई, टोमॅटो, ढोबळी मिरची. यातली कॅरोटिनॉइड्स, म्हणजे रंग देणारी द्रव्यं, थोड्या तेलासोबत चांगली शोषली जातात, तेव्हा कोशिंबिरीला चमचाभर तेलाची फोडणी दिलीत तर अपराधी वाटून घेऊ नका. क जीवनसत्त्व मात्र उष्णतेने कमी होतं, म्हणून पेरू, संत्रं, लिंबू कच्चंच.

लोह. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन पाहाच. डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह लिंबासोबत जास्त शोषलं जातं, चहा-कॉफीसोबत कमी. जेवल्या जेवल्या चहा घ्यायची माझी सवय मी तासाभराने पुढे ढकलली. साधी गोष्ट, पण ती सर्वांत जास्त जड गेली.

साखर "विषाणूला खायला घालते" असं कुठेतरी वाचाल. विषाणू काही खात नाही, त्याला पोटच नाही. गोड कमी करायचं ते इतर दहा कारणांसाठी.

६. डब्या, बाटल्या आणि कॅप्सूल

माझ्या फळीवरच्या नऊ डब्यांचा हिशेब मांडते.

फोलिक ॲसिड: १९९० च्या दशकात गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल झालेल्या स्त्रियांना हे देऊन पाहिलं गेलं. फरक पडला नाही. अन्नातलं फोलेट उपयोगी, म्हणून गोळी दहापट उपयोगी, हे गणित चुकतं.

बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजराला रंग देणारं द्रव्य: इथेही फायदा दिसला नाही. उलट १९९४ साली फिनलंडमधून आणि १९९६ साली अमेरिकेतून आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, धूम्रपान करणाऱ्यांनी याच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतल्या तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला. गाजर खा. गोळी नको.

कोबी-ब्रोकोलीतल्या घटकापासून केलेली डिम नावाची कॅप्सूल: शेकडो स्त्रियांवर सहा महिने चाचणी झाली. ना पॅप सुधारली, ना विषाणू गेला.

एका मशरूमचा अर्क, एएचसीसी: सुमारे ५० स्त्रियांच्या छोट्या चाचणीत थोडा आशादायक निकाल आला. पण ५० वर भरवसा ठेवून मी महिन्याचं बजेट कोलमडवलं, ते चूकच होतं.

आता ती नववी डबी, ग्रीन टीचा अर्क. ग्रीन टीच्या पानांपासून केलेलं एक मलम बाहेरच्या चामखिळींवर अमेरिकेत २००६ पासून मान्यताप्राप्त आहे. त्यावरून "मग कॅप्सूल घेतली तर आतूनही काम करेल" अशी बातमी पसरते. अर्काच्या कॅप्सूल चार महिने देऊन चाचणी झाली आहे आणि संसर्ग जाण्यात काही फरक पडला नाही. मी मात्र लेबलवर लिहिलेल्या एकाऐवजी दोन घेत होते, तीही उपाशीपोटी. सहाव्या आठवड्यात अंगाला खाज सुटली, जिना चढताना दम लागायला लागला. रक्त तपासलं तर यकृताचे आकडे तिप्पट झालेले. डॉक्टरांनी विचारलं, "काय घेताय?" तेव्हा कुठे यादी बाहेर निघाली. डबी बंद केल्यावर आकडे जागेवर यायला दीड महिना गेला. कपभर ग्रीन टी पिण्याने काही होत नाही, पण अर्क म्हणजे चहा नव्हे. मोठ्या मात्रेत तो यकृताला त्रास देऊ शकतो.

उरलेल्या चार म्हणजे मल्टिव्हिटॅमिन, लसणाच्या कॅप्सूल, "इम्युनिटी" नावाची एक पावडर आणि झिंक. पहिल्या तीनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. झिंक मात्र दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर महिनोन्महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, हे ध्यानात ठेवा.

मग "मी हे घेतलं आणि निगेटिव्ह झाले" असं सांगणाऱ्या इतक्या जणी खोटं बोलतात का? नाही. दहापैकी नऊ जणींचा संसर्ग जाणारच असतो. त्या काळात त्यांनी जे काही घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि डबी विकणारा कावळ्याचा फोटो छापतो.

गोळी कधी घ्यायची? रक्तात कमतरता दिसली तर, तेवढ्यापुरती आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. ड जीवनसत्त्वही मोजल्याशिवाय महिनोन्महिने घेऊ नका, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. गर्भधारणेचा विचार असेल तर रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यायचंच असतं, पण ते बाळाच्या मज्जारज्जूसाठी. त्याचा या विषयाशी संबंध नाही.

७. झोप, चालणं आणि डोक्यातला भुंगा

प्रौढांना सात तास तरी झोप हवी. इन्फ्लुएन्झाची लस दिल्यावर ज्यांना झोपू दिलं नाही त्यांच्या शरीरात अँटिबॉडी कमी बनल्या, असे प्रयोग झाले आहेत. त्यामुळे रात्री दीडपर्यंत "प्रतिकारशक्ती कशी वाढवावी" वाचत जागणं हा विनोदच.

व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी. मी रोज पंचवीस मिनिटं भरभर चालले, बस.

ताणाबद्दल "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला ज्यांनी मला दिला त्यांचा मला रागच आला होता. मला उपयोग झाला तो एका नियमाचा. एचपीव्हीबद्दल काहीही शोधायचं ते फक्त रविवारी, दुपारी, अर्धा तास. बाकी दिवशी प्रश्न मनात आला की फाइलच्या मागच्या पानावर लिहायचा. वर्षअखेर तिथे एकोणीस प्रश्न होते, आणि त्यातले तेरा एकच होते.

८. तिथे काहीही लावू नका

लसणाची पाकळी, व्हिनेगर, टी ट्री ऑइल. लोक सांगतात आणि बायका करतात. अंतःत्वचा भाजते, जखम होते, आणि विषाणू आत शिरतो तो जखमेतूनच, हे वर वाचलंत. आतून पाण्याने किंवा सुगंधी द्रवाने धुणंही बंद करा. योनीत लॅक्टोबॅसिलस जिवाणू असतात, ते तिथलं आम्ल टिकवतात, आणि ते भरपूर असले तर संसर्ग जाण्याचं प्रमाण जास्त दिसतं. धुण्याने तेच वाहून जातात. बाहेरून साधं पाणी पुरे.

९. जोडीदार, कंडोम आणि लस

पॉझिटिव्ह रिपोर्टवरून कुणाच्या चारित्र्याचा हिशेब लावता येत नाही. विषाणू वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो, त्यामुळे तो कधी आणि कुणाकडून आला हे सांगणं अशक्य. ही एक ओळ मी नवऱ्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवली, माझ्या नव्हे. फार भांडणं वाचली. पुरुषांसाठी सरसकट वापरायची मान्यताप्राप्त एचपीव्ही तपासणी नाही, म्हणून "तू पण टेस्ट कर" हा हट्ट धरू नका.

कंडोमने पूर्ण संरक्षण मिळत नाही, कारण न झाकलेल्या त्वचेवरूनही विषाणू पसरतो. तरी वापरा. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पेशींत बदल झालेल्या ज्या स्त्रियांच्या जोडीदारांनी कंडोम वापरले, त्यांच्यात बदल मागे हटण्याचं आणि विषाणू जाण्याचं प्रमाण जास्त होतं.

लस आधीच झालेला संसर्ग घालवत नाही, पण अजून न झालेल्या प्रकारांपासून वाचवते. तेव्हा पॉझिटिव्ह आलात म्हणून लसीचा विषय संपला असं समजू नका, वयानुसार डॉक्टरांना विचारा. घरात ९ ते १४ वयाची मुलगी असेल तर मात्र विचार करत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये या वयासाठी एक डोसही पुरेसा मानला आहे.

१०. वर्षभराने, पुन्हा त्या टेबलावर

तपासणीच्या आधी दोन दिवस संबंध, योनीत ठेवायची औषधं आणि आतून धुणं टाळा. पाळीचे दिवस सोडून वेळ घ्या.

वर्षभर ताट सुधारलं, चालले, झोपले, घरातला धूर गेला, आणि तरीही माझा रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्हच आला. त्या दिवशी खूप रडले. असं होऊ शकतं, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. मग कॉल्पोस्कोपी झाली. गर्भाशयमुखावर पातळ व्हिनेगरसारखं द्रावण लावतात, बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसतात आणि भिंगातून तो डाग पाहतात. दहा मिनिटांचं काम. बायोप्सी घेताना चिमटा काढल्यासारखं झालं, दोन दिवस थोडे डाग पडले. निकाल आला सीआयएन १. उपचार काही नाही, पुन्हा वर्षभर वाट पाहायची.

दुसऱ्या वर्षी "नॉट डिटेक्टेड". तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. गाजराने गेला, झोपेने गेला, की नुसता वेळ झाला म्हणून गेला, मला माहीत नाही आणि डॉक्टरांनीही कुणाला श्रेय दिलं नाही. त्या म्हणाल्या, "आता तीन वर्षांनी या." घरी येऊन तारीख लिहायला डायरी उघडली, पण ती याच वर्षाची होती. शेवटी फाइलच्या पुठ्ठ्यावर आतून मार्करने लिहून ठेवली.